दाक्षायणीचं शेड आणि माझं ऑफिस

२ मार्च
आजपासून रोजनिशी. सूतगिरणीच्या स्टोअरमधून रिटायर झालो तरी डोकं अजून ड्यूटीवर आहे. त्याला काम पाहिजे होतं, मिळालं.
दाक्षायणीला घरामागे पत्र्याचं शेड हवंय. तिच्या कडक भाकऱ्यांना हायवेवरच्या एका हॉटेलची कायमची ऑर्डर येतेय, जूनपासून. मालकाची एकच अट. घरच्या स्वयंपाकघरात केलेल्या नकोत, वेगळी जागा पाहिजे. मे संपायच्या आत जागा दाखवली नाही तर ऑर्डर दुसरीकडे. ती म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा कुणी माझं नाव घेऊन मला फोन केला. डोळ्यांत पाणी होतं.
मी सांगितलं, काळजी सोड. सगळं नियमात करू. कुणी बोट दाखवता कामा नये.

३ मार्च
शेजारचा सोमशेखर कंपाउंडवरून म्हणाला, अण्णा, त्यात काय एवढं? एखादा इंजिनिअर गाठा, नकाशा टाका, परवानगी आली की घाला की पत्रे. हसू आलं. उभ्या नोकरीत ज्यानं चिठ्ठीशिवाय साधा नटबोल्ट बाहेर जाऊ दिला नाही, त्याला नियम सांगायला इंजिनिअर?
बांधकामाची नियमावली मोबाइलवर उतरवून घेतली. लई मोठी आहे. निश्चय : रोज पहाटे पाचला उठून वीस पानं.

४ मार्च, सकाळी साडेआठ
उठलो.

१५ मार्च
वाचन जोरात. अनुक्रमणिका संपत आली.
वाचायला ऑफिस फार सोयीचं पडतं. ऑफिस म्हणजे घराच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून मीच घालून घेतलेली पत्र्याची खोली. टेबल, खुर्ची, कूलर, दारावर माझ्या नावाची पाटी. दाक्षायणीनं विचारलं, शेड होईपर्यंत हितंच भाकऱ्या करू का? नाही म्हणालो. ऑफिस तात्पुरतं आहे, धंदा कायमचा. दोन्हीची भेसळ नको. ती परत तव्याकडे गेली. पटलं असावं.

२८ मार्च
मोठा शोध! घराच्या भोवती ठरावीक जागा मोकळी सोडायची असते. तिला मार्जिन म्हणतात. त्यात बांधकाम चालत नाही. आपल्या लोकांना याचा पत्ताच नाही. संध्याकाळी गल्लीतल्या चार घरी जाऊन सांगून आलो. एकाचा जिना मार्जिनमध्ये, एकाची न्हाणी. तोंडावर सांगितलं. चहा कुणी विचारला नाही. खरं बोलणाऱ्याला चहा मिळत नाहीच.
फार उकडत होतं. ऑफिसात कूलर लावून बसलो, तेव्हा बरं वाटलं.

६ एप्रिल
सोमशेखरच्या स्कूटरच्या शेडकडे लक्ष गेलं. पुढच्या बाजूला ऐसपैस. त्याला बोलावून मार्जिन समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, आत गेला आणि शिक्का मारलेली परवानगी आणून दाखवली. शिक्का जरा फिकट वाटला. तो म्हणाला, अण्णा, चष्मा पुसा की.
दाक्षायणी आमच्या अंगणात उभी राहून सगळं ऐकत होती. मुद्दाम ऐकत नसावी.

१९ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. स्वयंपाकघरात तवा, भट्टी, दाक्षायणी आणि तिच्या हाताखालची निंगव्वा. निंगव्वा होटगीहून येते. आज तिला चक्कर आली. मी लगेच मदतीला धावलो आणि ऑफिसच्या दारात बसवून कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं. पाच मिनिटं.
शुद्धीवर येताच म्हणाली, अण्णा, तुमी निवांत वाचा. शेडवर पत्रा आपोआप पडतोय वरून.
अशिक्षित बाई, राग धरला नाही. संध्याकाळपर्यंत थोडा धरला.

२७ एप्रिल
नकाशा स्वतः काढला. टेप धरायला सोमशेखरला बोलावलं. मोजताना ऑफिस धरलं नाही. ऑफिस हे बांधकाम नाही, सोय आहे. सोमशेखरनं टेप सोडून दिली आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला. मान आखडली असेल.

२९ एप्रिल
नकाशा घेऊन परवानगीच्या खिडकीवर गेलो. तिथला माणूस भला. म्हणाला, काका, रंग छान भरलेत, पण परवानाधारक इंजिनिअरकडून आणा. हे नियमावलीत कुठं आहे विचारलं. त्यानं सांगितलं. मी अजून तिथवर पोचलेलो नाही.

२ मे
मला न विचारता दाक्षायणीनं इंजिनिअर आणला. आणला म्हणजे आणली. नाव संस्कृती. बार्शीची पोरगी, पाठीला सॅक. माझ्या वयाचा मान राखून चहा घेतला आणि सरळ ऑफिसच्या भिंतीला टेप लावली.
म्हणाली, काका, मागं शेडला भरपूर जागा आहे. परवानगी मिळेल. पण ही खोली बाजूच्या मार्जिनमध्ये आहे. ही काढा, मग नकाशा टाकते.
मी शांतपणे सांगितलं, ही तात्पुरती आहे. तिनं विचारलं, कधीपासून तात्पुरती आहे? मी म्हणालो, बारा वर्षं.
दाक्षायणी पदर तोंडाला लावून आत गेली. खोकला झाला असणार.

५ मे
पोरीला अनुभव नाही. नियमावलीत सवलत सापडणारच. निश्चय : उद्यापासून रोज चाळीस पानं.

९ मे
हॉटेलवाल्याचा फोन आला. दाक्षायणी म्हणाली, व्हय व्हय, जागा होतेय. फोन ठेवला.
मग ती ऑफिसच्या दारात आली. आत नाही आली, कधीच येत नाही. म्हणाली, शेड पाहिजे का ऑफिस, एकदाच सांगा. मी म्हणालो, मला जरा विचार करायला वेळ दे. ती म्हणाली, मार्चपासून दिलाच की. आता म्या विचार करती.
एवढ्या वर्षांत मला असं कधी बोलली नव्हती. जेवण गेलं नाही. वाईट वाटलं. तिच्या बोलण्याचं नाही, ती बरोबर बोलली याचं.

१० मे
कालचा शेवटचा मजकूर थकव्यात लिहिला गेला. विचारात घेऊ नये.

१२ मे
तडजोड सुचली. दाक्षायणीनं हॉटेलची ऑर्डर दिवाळीपर्यंत पुढं ढकलावी. तोवर माझी नियमावली संपेल. रात्री जेवताना सांगितलं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. कडक. मी ती मऊ पडायची वाट बघत बसलो.

१४ मे
मंडईतून आलो तर ऑफिस नव्हतं.
पत्रे अंगणात रचलेले, टेबल लिंबाखाली. सोमशेखर शिडीवर, निंगव्वा खाली स्क्रू गोळा करतेय, दाक्षायणी सगळ्यांना ताक देतेय. मलाही दिलं.
काम माझ्या देखरेखीखाली झालं. देखरेखीला मी थोडा उशिरा पोचलो, इतकंच.
संध्याकाळी संस्कृतीनं नकाशा टाकला.

२९ मे
परवानगी आली! मार्चपासून केलेल्या अभ्यासाचं चीज झालं.

३१ मे
शेड उभं राहिलं. पत्रे माझ्याच ऑफिसचे. उगाच नवे कशाला, असं मीच म्हणालो असतो. पाटीही माझीच, उलटी करून रंगवली. आता तिच्यावर लिहिलंय : दाक्षायणी. फक्त तेवढंच.
हॉटेलवाला बघून गेला. खूश. फोटो काढताना मला म्हणाला, काका, जरा बाजूला होता का?
कूलर आता भट्टीकडे तोंड करून आहे.

२ जून, दुपारी
ऑर्डर सुरू. शेडमध्ये चार बायका, हात चाललेत, तोंडंही. मी खुर्ची कोपऱ्यात टाकून लिहितोय. कुणी हटकलं नाही. कूलरची थोडी हवा इथवर येते. मनात म्हटलं, शेवटी जागा झालीच की आपली.
तेवढ्यात निंगव्वानं पीठ मळता मळता विचारलं, अक्का, अण्णांची खुर्ची हितं कायमची का?
दाक्षायणी म्हणाली, छे गं. तात्पुरती हाय.
निंगव्वा म्हणाली, मग बारा वर्षं हलायची नाही.
सगळ्या हसल्या. दाक्षायणी तर डोळे पुसेपर्यंत हसली. किती तरी वर्षांनी तिला असं हसताना बघितलं. मग मीही हसलो.
खुर्ची उचलून बाहेर लिंबाखाली ठेवली. आत आलो तर दाक्षायणीनं चाळणी माझ्या हातात दिली.
पीठ चाळतोय. बाकीचं उद्या लिहीन, वेळ मिळाला तर.