सोवळ्याची फळी

तंजावूर, मंगळवार, १९९८

आज सर्व्हरच्या डिस्कची पुन्हा वाटणी केली. हिशेब खात्याचा भाग तुडुंब भरला होता आणि जुन्या रेकॉर्डचा जवळजवळ रिकामा. मॅनेजर म्हणाले, "एम्प्टीच आहे ना? घेऊन टाका." घेऊन टाका म्हणे! आमच्या सर्व्हरवर भाग वाढवता येतो, कमी करता येत नाही. आतलं सगळं टेपवर काढायचं, भाग पुसायचा, लहान करून नव्याने बांधायचा, मग टेपवरचं परत आत. केलं. एरवी पुसताना छातीत धडधडतं. आज काहीच वाटलं नाही. का?

घरी आलो तर पद्मा म्हणाली, "अहो, मिक्सी ठेवायला जागाच नाही. आईंची फळी घेऊ का?"

आईची सोवळ्याची फळी. एक पितळेचं पातेलं, एक पळी, बाकी रिकामीच. पण आंघोळीशिवाय तिला शिवायची घरात कोणाची हिंमत नव्हती. आई गेली तेव्हापासून तर कोणी हातच लावला नव्हता. "घे," म्हणालो. इतक्या सहज?

पद्माचा हात पोहोचेना, म्हणून मीच स्टुलावर चढलो. अंगात ऑफिसचाच शर्ट, पायसुद्धा धुतले नव्हते. फळीला हात लावला आणि तसाच थांबलो. आता मागच्या खोलीतून आवाज येईल, "अरे, शिवू नको!"

कोणी ओरडलं नाही.

पद्मा खाली हात पसरून उभी होती. "द्या ना ते पातेलं इकडे."

दिलं.