वायर ठणठणीत आहे

दादा,

काल जेवताना तू सगळ्यांना किती हसवलंस! विमान वर चढताना इंजिनातल्या आगीचा अलार्म वाजला, तू इंजिनाचा जोर कमी केलास आणि तो गप्प झाला. "आपल्या भोंग्यासारखाच, उगाच बोंबलतो," म्हणत माझ्याकडे बोट दाखवलंस. लहानपणी मी ऊठसूट भोकाड पसरायचे, म्हणून हे नाव. मीही हसले.

आमच्या दुरुस्ती विभागाच्या साहेबांनीही अलार्म खोटाच धरला. आग ओळखणारी इंजिनाभोवतीची वायर बदलली आणि आज सकाळी तेच विमान तुझ्या ताब्यात दिलं. काढलेली वायर तपासणीला माझ्या टेबलावर आली, तेव्हा तू आकाशात होतास.

दादा, वायर ठणठणीत आहे. फक्त एका जागी बोटभर निळी पडलीय. हा धातू भाजल्याशिवाय निळा पडत नाही. म्हणजे जोर वाढला की आत कुठूनतरी जाळणारी हवा फुटतेय. आम्ही ती जागा शोधलीच नाही.

साहेब मघापासून रेडिओवर तुला हाका मारताहेत. मला तिथे उभं राहवेना, म्हणून हे लिहितेय.

नवी वायरही खरं तेच सांगेल. या वेळी हसू नकोस रे.

तुझी,
भोंगा