माझ्या लेखातली तीन परकी वाक्यं

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.४०

माझ्या लेखात तीन वाक्यं सापडली. मी न लिहिलेली!

मी मथळा दिला होता ‘चेंगडूतली नऊ वर्षं’. छापलाय ‘ड्रॅगनच्या गुहेत नऊ वर्षं!’ कसली गुहा? पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट होता, लिफ्ट होती, आणि ती चालायची.

वाक्यं उतरवून ठेवते, उद्या कोणी नाकबूल व्हायला नको. एक – ‘साप, विंचू, कुत्री, मिळेल ते हे लोक खातात.’ दोन – ‘त्यांना ना देव ना धर्म.’ तीन – ‘नऊ वर्षांत विश्वासाचा एकही चिनी माणूस भेटला नाही.’ वर माझा फोटो, खाली माझं नाव.

तिसरं वाक्य पुन्हा वाचलं. गुओताई कोण मग? समोरच्या दारातली बाई, कापड गिरणीतून निवृत्त झालेली. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. ताप आला की ही थर्मास घेऊन दारात – ‘गरम पाणी पी!’ नोकरीत कटकट झाली तरी गरम पाणी. नऊ वर्षं!

आणि मूर्खपणा माझा. सव्वासाताला साप्ताहिकाचा अंक हातात पडला तसा न वाचताच पानाचा फोटो काढला आणि तिला ईमेल केला. आपलाच लेख आहे, वाचायचं काय! त्यांचं चॅटचं ॲप इथे बंद, आपलं तिथे बंद. आमच्यात उरलीय ती तिच्या नातीच्या पत्त्यावरची ईमेल. पानाच्या फोटोवर फोनमधलं भाषांतराचं ॲप चालवलं की तिला मराठीचं चिनी होऊन दिसतं.

तिथे आत्ता सव्वादहा वाजलेत. वाचलं असणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी

संपादक आदेशला फोन केला. वडिलांच्या मागे साप्ताहिक चालवतो. पोरगा वाईट नाही, आगाऊ आहे.

“मॅडम, थोडा मसाला टाकला जी. काऊन येवढ्या चिडून राह्यल्या?”

“मसाला तुझ्या मटणात टाक. माझ्या नावाखाली नको.”

“वाचकाले चीन मंजे दुश्मन पाह्यजे. तुमी तं लिवलं का तिकडच्या म्हाताऱ्या सकाळी मैदानात गाणे लावून नाचतात. नाचनारा दुश्मन कोन वाचन?”

वर म्हणाला, फेसबुकवर टाकलंय, चारशे लोकांनी पाहिलं, अभिनंदन! फोन आपटला. हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ईमेल नाही. दर बुधवारी असते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ऑटो करून कापूस बाजारामागच्या त्याच्या कचेरीत गेले. पत्र हातात दिलं, पोच घेतली. तीनही वाक्यं खोटी, ती संपादकाने घातली, असं पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापा. फेसबुकवरही. लेखी उत्तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. नाहीतर मी वकिलाकडे.

आदेशने पाणी मागवलं, मी प्यायले नाही.

“मॅडम, बाकी सगळं तुमचंच हाय न? भूकंपाच्या भागाले तं आमी हातबी नाई लावला. तोच वाचून लोकं फोन करून राह्यले.”

ते खरं आहे. तो परिच्छेद माझा सगळ्यात चांगला. सप्टेंबर २०२२. कोरोनामुळे सगळं शहर घरात कोंडलेलं, त्यात दुपारी जमीन हलली, आणि खाली इमारतीच्या दाराच्या शटरला कुलूप. गुओताईने थर्मास शटरवर आपटला आणि बाहेर पहाऱ्याला असलेल्या वस्ती समितीच्या माणसांना ओरडून विचारलं, ‘आम्ही माणसं की कोंबड्या?’ मी तिच्या मागेच उभी होते. लेखात नाव दिलं, इमारत क्रमांक नऊ, मजला पाचवा. मोघम लिहिलेलं मला आवडत नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर निबंधावर लाल शाईने लिहायच्या – कोण? कुठे? केव्हा? तीन उत्तरं नसतील तर वही परत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ईमेल नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चार बावन्नला आदेशचा माणूस लिफाफा घेऊन आला. ‘मागणी मान्य.’ आठ मिनिटं राखून! बघू, छापतो का.

गुओताईला आज तिसरी ईमेल. ‘ती वाक्यं माझी नाहीत.’ उत्तर नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

भाजीवाली शोभाबाई दारात. “मॅडम, साप कसा लागते जी? कोंबडीवानी?”

“मी खाल्लेला नाही.”

“पेपरात तं हाय!”

“पेपरात खोटं आहे.”

“मंग तुमचा फोटो काऊन टाकू देल्ला?” कोथिंबिरीची जुडी भाजीवर फेकून गेली. या बाईला वकील करायला हवं होतं.

इथे सगळ्यांना एकच उत्तर हवंय. चीन चांगला की वाईट, पटकन सांगा, मॅडम! अरे, नऊ वर्षं राहिले मी. रस्ते लखलखीत. बसमध्ये एकदाही कोणाचा नको तो धक्का लागला नाही. आणि जेवताना कोणी सरकारचा विषय काढला, की सगळं टेबल सूपकडे बघायला लागायचं. दोन्ही खरं. गुओताईला पन्नाशीत घरी बसवलं, आता सुनेच्या पिढीला सांगतात, अजून थांबा, वय वाढवलंय. ती यावर पोट धरून हसली होती.

ना देव ना धर्म म्हणे! विहारात नेलं होतं तिने मला. बुद्धासमोर उदबत्त्यांचे जुडगे, आणि मागणं काय? नातीला मार्क मिळू देत! मी म्हटलं, आमच्या घरात बुद्धाला नवस करत नाहीत. ती म्हणाली, “तुमच्याकडे परीक्षा सोप्या असतील.”

भेटला नाही म्हणे एकही विश्वासाचा माणूस. माझ्या घराची किल्ली तिच्याकडे असायची.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

छापलं! पहिलं पान, चौकटीत. ‘सदर तीन वाक्ये लेखिकेची नसून संपादकीय विभागाने घातली होती. लेखिकेची व वाचकांची क्षमा मागतो.’ ‘संपादकीय विभाग’ म्हणजे आदेश आणि एक खुर्ची. तरी छापलं. फेसबुकवरही आलं.

या वेळी आधी शब्द न् शब्द वाचला, मग फोटो काढला आणि गुओताईला पाठवला. खाली लिहिलं – बघ, वाकवला त्याला!

वरणफळं करून खाल्ली. आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळी ९.१५

उत्तर आलं. नातीने इंग्रजी केलेलं.

‘सापाचं वाचून आम्ही दोघी खूप हसलो. साप महाग, मी पेन्शनवर! ती वाक्यं तुझी नव्हेत, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. तुझी ईमेल यायच्या आधी. पण शटरचा परिच्छेद तुझा आहे. माझं नाव, इमारत, मजला. नातीने तो मोठ्याने वाचला तेव्हा तिचा बाप तिथेच बसला होता. माझा लियांग त्याच वस्ती समितीत नोकरी करतो, हे तुला माहीत आहे. तो उठून घरी गेला. तेव्हापासून माझ्याकडे जेवायला आलेला नाही. त्या दिवशी तू माझ्या मागे उभी होतीस ती शेजारीण म्हणून, लेख लिहिणारी म्हणून नव्हे.’

लियांगचं माहीत होतं मला.

आदेशला नवं पत्र, आत्ताच नेऊन देते. भूकंपाचा परिच्छेद माझा आहे, त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तो फेसबुकवरून काढा. कारण विचारू नका. काढल्याचं लेखी कळवा – आज दुपारी बाराच्या आत.