पेरूंच्या शेजारी ट्यूलिप

११ ऑक्टोबर
खालच्या चौकीदाराने पार्सल दिलं. नावाची पट्टी फाटलेली — फक्त फ्लॅटचा नंबर, मालवीय नगर, जयपूर, आणि कुठल्याशा नर्सरीचा शिक्का. आत पाच कंद. मी आधी कांदेच समजले! चिठ्ठी छापील : 'ट्यूलिप. लावण्यापूर्वी दहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवावेत.'
मला झाडं कोण पाठवणार? मी प्लास्टिकचा मनीप्लांटसुद्धा मारून दाखवीन. झाडं पाठवणारी माझ्या ओळखीत एकच बाई — साताऱ्याची आनंदीताई. माझी सख्खी बहीण. अकरा महिने एक शब्द नाही, आणि आता हे!

१२ ऑक्टोबर
फोन करू? नको. तिने फोन केला नाही, कंद पाठवले. म्हणजे उत्तरही तसंच द्यायचं. फूल आलं की फोटो पाठवीन. खाली काही लिहिणार नाही. माझ्या लिहिण्यानेच तर हे झालं.
कंद भाजीच्या कप्प्यात, पेरूंच्या शेजारी ठेवले. फ्रिजमध्ये एवढी वस्ती पहिल्यांदाच.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. ऑफिसकडून काजूकतलीचा डबा. एकटीनं अर्धा संपवला.
गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकातला माझा लेख काढून वाचला. 'एका बाईचा कुंड्यांशी संसार.' सकाळी जास्वंदीला 'चहा झाला का?' विचारणारी बाई, मोगऱ्याशी अबोला धरणारी बाई. विनोद चोख आहेत, काय करू! नाव बदललं होतं, पण ताईला स्वतःची जास्वंद ओळखू येणार नाही?
एकच गोष्ट लेखात नव्हती. ती बाई झाडांशी बोलायला लागली ती नवरा गेल्यावर. पंढरीनाथभाऊजी गेले त्या उन्हाळ्यात. ते लिहिलं असतं तर कोणी हसलं नसतं. म्हणून लिहिलं नाही.
ताई तेव्हा एवढंच म्हणाली — 'लोक हसले ना? मग झालं.' त्यानंतर फोन उचललेला नाही.

२० डिसेंबर
दहा आठवडे भरले. कुंड्या आणल्या, माती आणली, नखांत ती अजून आहे. तळमजल्यावरच्या लताजी जिन्यात भेटल्या. 'ट्यूलिप? जयपुर में? अरे मैडम, गेंदा लगाइए. गेंदा बुरा नहीं मानता.'
मी म्हटलं, मलाही इथे कुणी विचारून लावलेलं नाही. बदली झाली, आले. त्या हसल्या. मराठीत जास्त बोचलं असतं.

३ जानेवारी
कोंब! पाचपैकी चार! ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

९ जानेवारी
हाडं गोठवणारी थंडी. सकाळी गॅलरीत चहा घेताना सहज म्हटलं, 'गारठलात का रे?' मोठ्याने. कुंड्यांना.
मग कप हातात धरून उभीच राहिले. चहा निवला.

१८ जानेवारी
पानं जोरात, कळीचा पत्ता नाही. मोबाइलवर एका दाढीवाल्या माळ्याचा व्हिडिओ पाहिला. म्हणे, ट्यूलिपचे कंद फळांजवळ कधीच ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळातून वायू सुटतो, त्याने कंदाच्या आतली कळी जन्माआधीच मरते.
दहा आठवडे! पेरूंच्या मांडीला मांडी लावून! ऑफिसातून येताना गाडीवरून अर्धा किलो घ्यायचा, एकटीला तो संपत नाही, म्हणून कप्पा कायम भरलेला. पाव किलो मागायची लाज वाटते. भैया विचारतो, 'बस, पाव?'
हे ताईला विचारता आलं असतं. तिने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. ओरडून सांगितलं असतं.

३० जानेवारी
कळी! एकच. बोटाच्या पेराएवढी, हिरवट. फोटो काढला नाही — दृष्ट लागेल.
(हे मी लिहिलं? दृष्टीची टिंगल करणारे माझे तीन लेख छापून आलेत.)

४ फेब्रुवारी
कळी तेवढीच. ऊन मात्र वाढलं. कुंडी सावलीत, मग उन्हात, मग सावलीत. बाळंतिणीची खाट फिरवल्यासारखी.

८ फेब्रुवारी
कळी कागदासारखी झाली. हात लावला तर वाजली.

१० फेब्रुवारी
गुवाहाटीहून कौस्तुभचा फोन. आमच्याच विमा कंपनीतला, माझ्याआधी या फ्लॅटमध्ये हाच राहायचा. फ्लॅट कंपनीच्या भाड्याचा. आम्ही बदलीवाले एकमेकांच्या गाद्यांवर झोपतो, एकमेकांच्या खिळ्यांवर कॅलेंडर लावतो.
'मयूरीमॅडम, ऑक्टोबरमध्ये माझं एक पार्सल आलं होतं का हो तिकडे? बायकोसाठी ट्यूलिप मागवले होते. पत्ता जुनाच राहिला. नर्सरीवाले आजवर म्हणतायत, पोचवलं!'
'आलं होतं,' म्हटलं. 'मी लावले.'
'अरे वा! फुलले?'
'नाही.'
'जाऊ द्या हो, तुमची करमणूक तर झाली!' तो हसला. मीही हसले. सवय आहे.
म्हणजे ताईने काहीच पाठवलं नव्हतं. चार महिने मी समजत होते, तिने पहिलं पाऊल टाकलं. ती जागची हललेली नाही. का हलावं तिने?
पेरू घेतले नाहीत आज.

११ फेब्रुवारी
मीच फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा — 'बोल.'
आत शिरायला एक विनोद तयार ठेवला होता. तो काढलाच नाही. ट्यूलिपचं सांगितलं, फ्रिजपासून कौस्तुभपर्यंत सगळं. मग म्हटलं, 'ताई, भाऊजींचं माहीत असून मी तो लेख लिहिला. चुकले.'
पलीकडे कुकरची शिट्टी. एक. दोन. तिने गॅस बंद केलेला ऐकू आला.
मग म्हणाली, 'पानं हिरवी आहेत का गं अजून?'
फोन कानाला तसाच धरून बघायला गेले.