पांढऱ्या कडेचे गप्पी आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, रसायनशास्त्राची पदवीधर, रंगाच्या कारखान्यातून दर्जा तपासनीस म्हणून निवृत्त, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. सध्या ती गोंधळलेली आहे, पण शाबूत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात हे डॉक्टरांनी मान्य केले असून त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणील असे माणूस घरात उरलेले नाही. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहत्या घराचा तळमजला माझ्या मालकीचा आहे, तो माझ्या मुलीला मिळावा. ती इथे येऊन राहणार नाही हे मला माहीत आहे. विकायचा तर खुशाल विकावा, फक्त स्वयंपाकघरातली गळकी तोटी आधी बदलावी, नाहीतर घेणारा तेवढ्यावरून भाव पाडून मागेल. वरचा मजला धाकट्या दिरांचा होता, आता माझ्या जावेचा आहे. जिना सामाईक.

२. बँकेतील ठेवी निम्म्या मुलीला, निम्म्या नातीच्या शिक्षणासाठी. नातीने कोणता विषय घ्यावा याविषयी माझे मत आहे. परंतु मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मत मृत्युपत्रात घालायचं नाही." म्हणून घातलेले नाही.

३. सूक्ष्मदर्शक, पीएच मीटर आणि काचेची उपकरणे आमच्या मत्स्यपालन मंडळाला द्यावीत. मंडळाच्या खजिनदारांना मात्र त्यांतले काही हाताळू देऊ नये. पाच वर्षांपूर्वी त्यांनी माझी मोठी जाळी नेली, भोक पाडून परत केली आणि वर म्हणाले, "भोक आधीपासूनच होतं." नव्हते.

४. आता मासे. माझे आधीचे मृत्युपत्र या कलमामुळेच रद्द करावे लागत आहे. त्यात मी लिहिले होते की माझ्या माघारी सर्व मासे मारून टाकावेत, पण एकही वरच्या मजल्यावर जाऊ नये.

निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षे मी गप्पी वाढवते. सात टाक्या आहेत. मासा गर्द निळा, शेपूट पंख्यासारखे, कडेपर्यंत एकच रंग. गप्पी महिन्या-महिन्याला पिल्ले घालतो, त्यामुळे जादा मासे होतातच. ते पिशव्यांत भरून मंडळाच्या मासिक लिलावात विकायचे. पिशवीवर फक्त क्रमांक असतो, नाव नसते. बोली मासा पाहून लावावी, माणूस पाहून नव्हे, म्हणून हा नियम मीच करून घेतला.

काही नरांच्या शेपटीला बारीक पांढरी कड येई. ती मी खोट धरली. असे मासे काचेच्या बरणीत काढून यजमानांच्या हाती देई आणि सांगे, "यांचं काय ते बघा. मला सांगू नका." कमीत कमी त्रासात कसे मारावेत हेही लिहून दिले होते. ते बरणी घेऊन जिना चढत. मला वाटे, गच्चीत जातात. अर्ध्या तासाने धुतलेली बरणी ओट्यावर पालथी घालत. असे नऊ वर्षे चालले. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून ते काम मी स्वतः केले.

गेल्या वर्षी माझे मासे बिघडले. पिल्ले कमी झाली, जी झाली त्यांच्या पाठीला पोक. एकाच कुळात फार पिढ्या काढल्या की असे होते, मग बाहेरचे रक्त आणावे लागते. म्हणून मार्चच्या लिलावात मी चौदा नंबरची पिशवी घेतली. दोन नर, तीन माद्या, पाठी ताठ, चपळ. घरी आणून खिडकीच्या उजेडात धरली, तर नरांच्या शेपटीला पांढरी कड. तशी कड मी माझ्या टाक्यांबाहेर कधी पाहिलेली नाही.

मंडळाचे चिटणीस दातांचे डॉक्टर आहेत. पुढच्याच आठवड्यात दाढ दाखवायला गेले तेव्हा पिशवी कोणाची, असे विचारले.

"चौदा? तुमच्या जावेची," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. कितीतरी वर्षं पाठवतात त्या."

जावेशी मी अकरा वर्षे बोलत नव्हते. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ती पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "आमच्या ताईंच्या हाताखालून पास होणं कठीण." पाहुणे हसले. मी हसले नाही.

त्या दिवशी मी जिना चढले. तिच्या बाहेरच्या खोलीत सहा टाक्या. हवेच्या पंपाची घरघर चालू. ती मला खाली रोज ऐकू येई, पण मी ती माझ्याच पंपाची समजत होते.

"या ताई," जाऊ म्हणाली. "मासे बघायला आलात की भांडायला?"

"हे कुठून आले?"

"बरणीतून. भाऊजी आणून द्यायचे. म्हणायचे, तिला सांगू नकोस, तिचं मन मोडेल."

"माझं मन?"

"मीपण हेच विचारलं."

यजमानांनी मला फसवले असे म्हणावे का, हे मला ठरवता येत नाही. सांगू नका असे मीच म्हटले होते, आणि त्यांनी सांगितले नाही. नऊ वर्षे रोज समोर बसून जेवणारा माणूस वर अर्धा तास काय करत होता, याचा मी कधी विचारही केला नाही. तपासणी हा माझा पेशा होता.

मुख्य अडचण वेगळीच आहे. चौदा नंबरच्या नरांपासून माझ्या जुन्या माद्यांना पिल्ले झाली, आणि ती धडधाकट आहेत. ती कोणाची? मी वकिलांना विचारले.

"मॅडम, मृत्युपत्रात स्वतःचं असेल तेवढंच देता येतं."

"तेच विचारतेय. माझं आहे का?"

"तुम्ही टाकून दिले, म्हणजे हक्क सोडला. मग विकत घेतले, म्हणजे परत तुमचे. पण मधे तुमच्या यजमानांनी..." त्यांनी पेन खाली ठेवले. "माझ्याकडे मांजर आहे, मॅडम. माशांचं मला नका विचारू."

तरी गुरुवारी मी हे कलम असे लिहिले: "माझ्या माघारी सातही टाक्या माशांसह जावेला मिळाव्यात." साक्षीला तिलाच बोलावले. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये.

जावेने कागद वाचला. "माघारी कशाला? आत्ताच द्या की. तुम्ही गेल्यावर मी एकटी बादल्या चढवत बसू? गुडघे बघा माझे."

शनिवारी सकाळी आम्ही दोघींनी मासे वर नेले. तोटी बघायला आलेल्या नळदुरुस्तीवाल्याने दोन टाक्या उचलून दिल्या, तोटी तशीच राहिली. मी निळे वेगळे आणि कडेचे वेगळे भरत होते. तिसऱ्या बादलीला ती म्हणाली, "ताई, ओता एकत्र." मी ओतले. का ओतले हे मला अजून सांगता येत नाही. पोक असलेली चार पिल्लेही गेली, ती बाजूला काढायची राहिली असे नाही, मी काढली नाहीत.

सबब कलम चार मागे घेत आहे. माझ्याकडे आता एकही मासा नाही. रिकाम्या पाच टाक्या काचवाल्याने न्याव्यात. मुलीने हे वाचून काकूला काही विचारू नये, तिलाही यातले सगळे माहीत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. ते खरे आहे, एवढेच खात्रीने सांगू शकते.

ठिकाण: तळमजला, राहते घर
दिनांक: ९ जून, रविवार

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले: मंडळाचे चिटणीस, दातांचे डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरी: माझी धाकटी जाऊ. सही. या मृत्युपत्राने तिला काहीही मिळत नाही.