नववी ब चा जप्त फोन

सोम. ८ डिसें.
मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे माझ्याच वर्गातल्या तिघींनी निकिताला मारलं. केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. भुवई फुटली, गणवेश रक्ताने माखला. आणि वर्गातलाच साहिल फोनवर मजेत शूटिंग करतोय! थोबाडीत देणार होते, हात आवरला. हल्ली पोरांना हात लावला तर आपल्यावरच केस. फोन काढून घेतला, त्याच्याकडूनच लॉक उघडवलं. हेडसर म्हणाले, "व्हिडिओ मला पाठवा, पुरावा हवा." आधी माझ्या फोनवर घेतला, मग त्यांना पाठवला. साहिलचा फोन नेहमीच्या जप्त फोनांसारखा पाकिटात, वर नाव-इयत्ता, कपाटात.
निकिता दांडीची, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावची. तिला टाके घालायला मीच नेलं. रिक्षात एकच बोलली, "बाई, दांडीत कोनाला कलनार नाय ना?"
नाही म्हटलं.

मंगळ. ९
हेडसरांनी व्हिडिओ पालकांच्या ग्रूपवर टाकला. खाली 'पालकांनी पाल्याकडे लक्ष द्यावे.' सहलीची सूचना टाकतात तसाच! पोरीचा चेहरा, नाव घेऊन दिलेल्या शिव्या, सगळं त्यात. मी ओरडलेच. "बाई, शाळेतलं सगळं आपण ग्रूपवर टाकतो," म्हणे. दुपारपर्यंत अख्ख्या दांडीच्या फोनवर. हेडसरांचं डोकं त्यांच्याच टेबलाच्या काचेवर आपटावंसं वाटलं. अजून वाटतंय.

बुध. १०
शाळा सुटताना निकिताचे वडील आणि दोन काका गेटवर. साहिल दिसला तसा उचलून आपटला. पोटात लाथा. तो नुसता "मत मारो अंकल, मत मारो". त्याचे वडील एमआयडीसीत, ड्यूटीवर. आमचे पुरुष शिक्षक गेटच्या आत उभे. मी मध्ये पडले, एक गुद्दा माझ्या खांद्यात बसला.
"बाई, सरका! माजी पोर कालपासून जेवली नाय. सगला गाव बगून हसतो हाय!"
साहिलचे दोन दात पडले. मीच रुमालात गोळा केले, का ते माहीत नाही. खांदा वर होत नाही.

गुरु. ११
पोलीस ठाणे. फौजदार मॅडम म्हणाल्या, मारहाणीचं वेगळं बघू; अल्पवयीन मुलीचा व्हिडिओ पसरवणं हाही गुन्हाच. "पसरवला कोणी?"
हेडसरांनी माझ्याकडे बोट केलं. "बाईंकडून आला." ग्रूपबद्दल चकार शब्द नाही. पोस्ट त्यांनी आधीच काढून टाकलीय. त्या पोस्टचा स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये आहे, हे ठाण्याबाहेर आल्यावर त्यांना सांगून बसले. मूर्ख मी.
"उडवा तो. ग्रूपवर चुकून तुमच्याकडून गेला म्हणा. तुमची मान्यता अजून यायचीय, बाई."
शिक्षण खात्याची ती मान्यता नाही आली, तर नोकरी गेली. शनिवारी ठाण्यात माझा फोन जमा करायचाय.

शुक्र. १२
दांडीला गेले. निकिता दारातच उभी, डोळा सुजून बंद.
"बाई, सरांना तुमीच दिलात?"
"हो."
तिने दार लावलं. आतून आई म्हणाली, "शालेत नाय जायाची ती आता." बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांखाली बराच वेळ बसले. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली.

शनि. १३
फोन पाकिटात घातला. सवयीने वर नाव लिहिलं, पुढे 'इयत्ता' लिहून थांबले. फोन परत बाहेर काढलाय. स्क्रीनशॉट आहे, अजून आहे. हेडसर मला ठाण्यात न्यायला स्वतः गाडी घेऊन आलेत. खाली हॉर्न वाजवतायत.