कुणाची हरकत असल्यास

४ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चमध्ये पाळकांनी वाचलं! माझं नाव, तिचं नाव, आणि मग ते वाक्य — "या लग्नाला कुणाची हरकत असल्यास त्याने आत्ता सांगावं." लग्नाआधी तीन रविवार विचारतात. विचारायचं आणि जरा थांबायचं. लहानपणापासून ऐकतोय, कधी कुणी उठत नाही. तेवढ्यात लोक चष्मे पुसतात, पोरांना गप्प करतात.

आज त्या शांततेत शेवटचा बाक कुरकुरला. कुणीतरी उठल्यासारखा. मान वळवायची हिंमत झाली नाही. उपासना सुटल्यावर जाऊन पाहिलं. बाकावर धूळ, कुणी बसल्याची खूण नाही.

७ ऑक्टोबर

चष्म्याच्या दुकानात दोन काचा वाया घालवल्या. डावी उजवीकडे बसवली! मालक म्हणाले, "नवरदेव, पाय जमिनीवर ठेवा." हसलो.

डोक्यात तोच होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, मी शेजारी उभा राहून पानं उलटायचो. त्याने मान हलवली की पान. पुढे पुढे मान हलवायचीही गरज उरली नाही. लोकांना त्याच्याबद्दल कुणकुण लागली. कुणी भांडलं नाही, नुसतं त्याच्याशी बोलणं टाकलं. तो गाव सोडून गेला. माझ्यावर कुणाचा संशय नाही. मी साधा!

९ ऑक्टोबर

पाळकांकडे गेलो. सगळं फक्त त्यांनाच माहीत आहे. माणूस वाईट नाही, माझ्यासाठी रडलेसुद्धा. "हे बाहेरचं वारं आहे रे. सिनेमे, मोबाईल. जग मंडळीत शिरतंय. लग्न झालं की ताळ्यावर येशील."

बाहेरचं? मी बाहेर गेलोय कधी! घर, दुकान, चर्च. जे झालं ते गीतांच्या पुस्तकामागे झालं. उलट, लग्न कर म्हणजे चारचौघांत तोंड दाखवता येईल — हे कुठून आलं? प्रभूने लोकांकडे बघून काय केलं होतं कधी? विचारायचं होतं. "बरं, पाळकसाहेब" म्हणून परतलो.

प्रार्थना अजून करतो. प्रभू ऐकतो यात शंका नाही. काय मागावं तेच कळत नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

दुसऱ्यांदा. परत तोच आवाज, या वेळी जवळून. ती शेजारी ताठ बसलेली. रात्रपाळी करून थेट हॉस्पिटलमधून आली होती, डोळे लाल. माझ्यासाठी रुमाल आणला होता. ती चांगली आहे हो! आयुष्यभर तिला फसवायचं?

तो परत आला असेल अशी धास्ती वाटली. मग उमगलं — धास्ती कसली, मी वाट बघतोय. कुणीतरी उठावं. मी सोडून कुणीही.

१५ ऑक्टोबर

आई म्हणाली, "झोपेत कुणाशी बोलतोस रे?"

"कुणाशी नाही."

"नाव घेत होतास."

कुणाचं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हे लग्न तिनेच जुळवलं. गावभर सांगून झालंय, नवे पडदे लावून झालेत. नंतर माझ्या शर्टाचं बटण शिवत बसली. बटण तुटलेलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

उद्या तिसरा रविवार. घरातल्या खुर्च्याही कुरकुरायला लागल्यात.

१८ ऑक्टोबर, रविवार

पाळकांनी हरकत विचारली. थांबले. मी खाली बघत होतो.

आई उभी राहिली. "माझी आहे."

पाळक म्हणाले, "बाई, खाली बसा."

आई बसली नाही.